होडीतून येणारा आवाज

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. चैत्राच्या अखेरची दुपार आहे. खाडीच्या तोंडाशी, वाळूत एक लाकडी होडी उभी आहे. दोन्ही अंगांना टेकू लावलेले, वर निळी ताडपत्री घट्ट बांधलेली. बाकीच्या होड्या पाण्यात डुलताहेत, ही एकटीच कोरडी. आता तिच्या पोटाला कान लावा. फळी तापलेली आहे, चटका बसेल, तरी लावा. ऐकू आलं?

टक्.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, थोडं पुढं सरकून, टक्. आतून कुणी बोटाच्या पेरानं वाजवावं तसं.

मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्याशेजारी वैजू उभी होती. बारा वर्षांची, उन्हानं केस तांबूस झालेली, ओढणीचं टोक दातांत धरायची सवय असलेली.

"ऐकलंत ना बाई? पोरं म्हणतात, बाबा हाय आत."

"तुला काय वाटतं?"

"मी हाक मारून बघितली एकदा. मग गप झाला."

मी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि उंडीबंदरला भाचीच्या रिकाम्या घरात राहायला आले, तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी मी गावच्या वाचनालयात पोरं जमवायची. आकाश, किडे, भरती-ओहोटी, जे सुचेल ते. वैजू सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात उशिरा जायची. घरी जायला तिला घाई नसे.

तिचे वडील हरेश चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या मोठ्या बोटीवर, आजारी पडलेल्या एका खलाशाच्या जागी गेले होते. वादळ झालं. बोट सापडली, माणसं सापडली, हरेश सापडले नाहीत. त्यांची स्वतःची होडी तेवढी इथं राहिली, त्यांनी बांधून ठेवली होती तशीच.

घरात तेरावं झालं नाही, कारण पहिला दिवसच झाला नव्हता. सुगंधाच्या, म्हणजे वैजूच्या आईच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. रोज संध्याकाळी ती नवऱ्याचं ताट वाढायची आणि त्यावर पाटी पालथी घालून शेजारी बसून राहायची. कावळ्यानं शिवू नये म्हणून. मेलेल्या माणसाच्या घासाला कावळा शिवतो. या ताटाला तो शिवता कामा नये. कौलावर कावळा उतरला की ती दगड उचलायची. अंधार पडून कावळे झाडांवर गेले की मगच पाटी काढायची आणि ते गार अन्न स्वतः खायची.

आणि होडीला कुणी हात लावायचा नाही. त्यांनी मारलेली गाठ त्यांनीच सोडायची.

त्या सुट्टीत एका सकाळी मी पोरांना लहान दीर्घिकांबद्दल, म्हणजे ताऱ्यांच्या छोट्या समूहांबद्दल, सांगत होते.

"आपली आकाशगंगा म्हणजे मोठं शहर समजा. पण आकाशात लहान वाड्याही खूप आहेत. थोडेसेच तारे."

"म्हणजे उंडीबंदर," आदेश म्हणाला. हा आमचा विदूषक.

"म्हणजे उंडीबंदर. आता मला सांगा, तारा जन्मतो कशातून?"

"वायूतून!"

"कसल्या वायूतून? थंड. वायू थंड झाला की गोळा होतो, दाटतो, आणि मग पेटतो. तापलेला, खवळलेला वायू गोळा होत नाही. आता यातल्या काही वाड्यांच्या मधोमध एक कृष्णविवर असतं. ते दिसत नाही. आजूबाजूचं सगळं कसं फिरतंय त्यावरून ओळखायचं, की इथं काहीतरी आहे."

"आणि ते सगळ्यांना गिळतं," आदेश म्हणाला.

"इथंच सगळे चुकतात. लांबच्या ताऱ्यांना ते काही करत नाही. ते आपले फिरत राहतात. पण जवळ काही येऊन त्यात पडायला लागलं, की पडता पडता ते भयंकर तापतं. आणि त्या जागेतून वारा सुटतो. असा वारा, की उरलेला सगळा वायू तापतो, ढकलला जातो."

मी एका परातीत तांदळाच्या पिठाचा मोठा ढीग केला आणि एका बशीत चिमूटभर पीठ ठेवलं. सायकलचा पंप आदेशच्या हातात दिला. परातीत त्यानं जोर मारला, ढिगाला खळगा पडला, बाकी ढीग जागेवर. मग तो बशीकडे वळला. मी "हळू" म्हणेपर्यंत सगळं पीठ त्याच्याच तोंडावर.

"भूत! भूत!" पोरं नाचायला लागली.

"कळलं? मोठ्या दीर्घिकेची ओढ जबर, ती आपला वायू बराचसा धरून ठेवते. लहानीची पकड सैल. तिचं घर एका फुंकरीत मोकळं होतं."

वैजू हसत नव्हती. ती जमिनीवर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करून बशीत परत टाकत होती.

"मग ती मरते?" तिनं विचारलं.

"मरत नाही. जुने तारे जळत राहतात. लांबून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. फक्त नवीन काही जन्मत नाही."

"आणि त्या विवरात काही पडलंच नाय तर?"

"मग ते निजतं. वारा थांबतो. जो वायू अगदीच निघून गेला नसेल तो हळूहळू थंड होतो, परत खाली येतो."

"आणि परत काही पडलं तर?"

"परत वारा."

"म्हणजे थंड व्हायला वेळच गावत नाय."

"कधी कधी तसंही होतं. कधी उलटंही होतं. तोच वारा एखाद्या कोपऱ्यात वायू दाबून गोळा करतो आणि तिथंच नवे तारे पेटतात. कुठं पेटतील, कुठं विझतील, ते शास्त्रज्ञ अजून शोधताहेत."

"नशीब म्हणा," आदेश तोंड पुसत म्हणाला.

वैजूनं बशी माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, तो वायू थंड कोण करतं?"

"तिथं कोण असणार गं? आपोआप होतो."

"आपोआप," ती म्हणाली. पाणी खारं आहे की गोडं, हे जिभेवर घेऊन बघावं, तसं.

त्याच दिवशी दुपारी तिनं मला होडीपाशी नेलं होतं. आवाज ऐकून मी तिच्या काकाला, हिरामणला गाठलं. तो दुसऱ्यांच्या बोटीवर खलाशी होता. त्या वेळी उंडीच्या झाडाखाली जाळं सांधत बसला होता.

"कोण वाजवतंय हो आत?"

त्यानं वर बघितलं नाही. "कुणी नाय. लाकूड सुकतंय. फळी फळीला सोडतेय. दर टक्‌ला केसभर." सुतळी दातानं तोडून तो म्हणाला, "होडी पाण्यात मरत नाय बाई. उन्हात मरते. चार उन्हाळे झाले. हा पाचवा. ह्या खेपेला पाणी पाजलं नाय, तर येत्या होळीला पोरांनी खुशाल न्यावी."

"पाणी पाजायचं म्हणजे?"

"ओली गोणपाटं टाकायची. खाडीचं पाणी आणून आत ओतायचं. पहिल्यांदा सगळं फटींतून गळून जातं. लोक हसतात. तरी ओतायचं. लाकूड पीत जातं, फुगतं, फटी आपल्या आपण मिटतात. उरल्या तर कापूस ठोकून वर उंडीचं तेल."

"मग पाजा ना."

"वहिनी," तो म्हणाला. एवढंच.

पण त्या संध्याकाळी तो गेला तिच्याकडे, आणि मलाही घेऊन गेला. सुगंधा ओटीवर बसली होती, शेजारी पालथी पाटी. वैजू आत भाकरी थापत होती.

"वहिनी, दादा उद्या आला आणि विचारलं, हिऱ्या माझी होडी काय केलीस, तर काय सांगू?"

"सांगा, तुमची तशीच ठेवली."

"तशीच कुठं राहिली? खाडीवर येऊन बघ एकदा. माझं बोट जातं फटीतून."

"हात लावलात?" ती एकदम ताठ झाली.

"नाय गो. आपलं सांगतोय."

सुगंधानं कौलाकडे बघितलं. कावळा नव्हता. "तुम्हाला सोपं वाटतं भाऊजी. ती गाठ सोडली की त्यांना कळंल. म्हणतील, हिनं मला सोडलं."

आत भाकरीचा आवाज थांबला होता.

"मागच्या वर्षी पण मी हो म्हटलं," सुगंधा म्हणाली. "त्याच्या आधी पण. मग काय झालं?"

मला ते ठाऊक होतं. सगळ्या बंदराला ठाऊक होतं. पोरं तर म्हणायची, हरेशच्या होडीला हात लावला की फोन वाजतो. खरोखरच तसं झालं होतं. हिरामणनं तेल मागवलं, कापूस आणला, की होडी बाहेर निघतेय ही बातमी बंदराबंदरांत जायची. लोकांना हरेश आठवायचे. आणि मग कुणाला तरी ते दिसायचे. वेरावळच्या धक्क्यावर. रत्नागिरीच्या बाजारात. गोव्याकडच्या एका आश्रमात. फोन आला की सुगंधा चूल विझवायची, नवऱ्याचा पांढरा सदरा पिशवीत घालायची आणि वैजूला घेऊन निघायची. बाबाला ओळखायला पोरगी हवी. अशीच वैजूची शिष्यवृत्तीची परीक्षा बुडाली, होडीचं काम बुडालं, गावातल्या बायकांबरोबर घातलेला सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, धंदा बुडाला. परत आल्यावर महिनाभर दार बंद. आणि घर पुन्हा हळूहळू बोलायला लागतंय, तोवर पुढचा फोन.

गोव्याचं वैजूनं मला एकदा सांगितलं होतं. "तो बाबा नव्हता. लांबूनच दिसलं. पण आईनं सदरा पुढं केला आणि तो माणूस रडायला लागला बाई. सदरा घट्ट धरला. त्याला वाटलं, त्यालाच न्यायला आलंय कुणी. मग सदरा सोडवून घ्यावा लागला. मीच सोडवला. एक एक बोट."

त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर सुगंधानं पाटी उचलली. मग म्हणाली, "अक्षय तृतीयेला काढा ताडपत्री. नुसती ताडपत्री."

हिरामणनं रस्त्यावर आल्यावर तोंड फिरवून डोळे पुसले आणि मला म्हणाला, "धूर फार हो त्या घरात."

अक्षय तृतीयेच्या सकाळी मी जरा उशिरा खाडीवर पोचले. ताडपत्री निघालेली असेल, पोरं गोळा झाली असतील, असं वाटलं होतं. पोरं होती. आदेशही होता. ताडपत्री निघाली होती आणि हिरामण ती पुन्हा बांधत होता.

"काय झालं?"

"फोन," आदेश हळूच म्हणाला. "मालपे का कुठून. देवळाच्या पायरीवर एक माणूस बसतो. बोलत नाय. कपाळावर खूण हाय."

हरेशच्या कपाळावर लहानपणी शिडाची काठी लागल्याची खूण होती. वैजूनं मला फोटोत दाखवली होती.

मी घराकडे गेले. दार उघडं होतं, चुलीवर अर्धा शिजलेला भात होता आणि चूल विझवलेली. ओल्या राखेचा वास सगळ्या घरात. सुगंधा पिशवी भरत होती. वैजू कोपऱ्यात परकराच्या घडीवर हात ठेवून उभी होती.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," सुगंधा माझ्याकडे न बघता म्हणाली. "सांगा. नको जाऊ?"

काय सांगणार? मला कळत होतं ते आकाशातलं, तेही थोडंफार. जर तो खरंच हरेश असला तर? मी म्हटलं, "आधी फोटो मागवू. हिरामण बोलेल त्यांच्याशी."

"फोटोत सगळे सारखेच दिसतात. मी हाक मारली तर ते ओळखतील." तिनं पिशवीचा बंद ओढला. "चल गो वैजू. एसटी जाईल."

वैजू निघाली. दारात ठेवलेल्या दोन रिकाम्या कळशांपाशी थांबली, आणि दोन्ही उचलल्या.

"ह्या कशाला?"

"जाता जाता भरून घेते."

सुगंधाचं लक्ष नव्हतं. ती पुढं, मागं वैजू, मागं मी. नाक्याचा रस्ता खाडीवरूनच जातो. होडीपाशी आल्यावर वैजू एकदम वळली. पाण्याकडे धावत गेली, गुडघाभर पाण्यात शिरली, दोन्ही कळशा भरून तशीच ठेचकाळत वर आली. हिरामणनं अजून अर्धीच ताडपत्री बांधली होती. तिनं एक कळशी वाळूत ठेवली, दुसरी कडेवर चढवली, चढायला टेकवलेल्या फळीवर उभी राहिली आणि पाणी होडीत ओतलं.

होडीच्या आत पहिल्यांदा काही आवाज झाला नाही. मग सगळीकडून एकदम कुजबुज सुरू झाली, जणू आत खूप माणसं जमली होती आणि इतके दिवस गप्प होती. फटींतून पाणी बाहेर आलं. धारा, थेंब, पुन्हा धारा. ते सगळं वाळूत जिरून गेलं.

"वैजू!" सुगंधा ओरडली. "हात काढ! काढ आधी!"

"नाय काढत."

"तुझ्या बाची हाय ती!"

"म्हणूनच!" वैजूचा आवाज फाटला. तिनं होडीच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं होतं. "तू जा ना आये. मी कुठं म्हणते नको जाऊ? जा, बघून ये. पण तो खरंच भेटला, आणि तू घेऊन आलीस, तर बाबा काय घेऊन जाईल पाण्यात? त्याला होडी लागंल का नाय?"

पाणी गळत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं.

"तू रोज ताट वाढतेस," वैजू आता हळू बोलत होती. "गार झालं तर दुसऱ्या दिवशी परत ताजं करतेस ना? मग हिचं का नाय करत? ती वाजवते, वाजवते, कुणी बघत नाय. मला वाटायचं, आत बाबा हाय. बाबा नव्हता. हीच हाक मारत होती."

नाक्याकडून एसटीचा हॉर्न आला. ती उंडीबंदरला वळण घेते तेव्हा वाजवते. अजून थोडा वेळ होता. सुगंधानं त्या बाजूला बघितलं. पिशवीतून सदऱ्याची पांढरी बाही बाहेर आली होती, ती तिनं आत सारली.

मग ती होडीजवळ आली. चार वर्षांत पहिल्यांदा, असं हिरामण मला नंतर म्हणाला. तिनं पुढं वाकून एका फटीवर बोट ठेवलं. तिथून येणारं पाणी थांबलं आणि शेजारच्या फटीतून यायला लागलं. तिनं दुसरं बोट तिथं ठेवलं. तिसरीवर ठेवायला हात पुरेना, कारण दुसऱ्या हातात पिशवी होती.

ती तशीच उभी राहिली, एक हात होडीवर, एक हात पिशवीत गुंतलेला. मला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि मी बघायला पुढंही गेले नाही.

हिरामणनं बांधलेली अर्धी गाठ सोडली. ताडपत्री सरसर करत वाळूत पडली. आदेश कुठून तरी ओली गोणपाटं घेऊन आला होता. ती त्यानं होडीत पसरली.

वैजू फळीवरून खाली उतरली. रिकामी कळशी तिनं कडेवर घेतली. वाळूतली दुसरी, भरलेली कळशी उचलली, आईपाशी आणली, आणि तिच्या पायाजवळ, पिशवी धरलेल्या हाताच्या बाजूला ठेवली. आईकडे बघितलं नाही. एसटीकडेही नाही.

आणि ती परत पाण्याकडे चालत गेली.